गाडीचं नाक किती वर ठेवायचं? उतारावरच्या लाकडी गाड्यांचा हिशोब

आमच्या गिरगावातल्या चाळीत मे महिन्यात पोरं हमखास एक प्रश्न घेऊन येतात. "काका, नाक वर केलं की गाडी जास्त उंचावरनं सुटते ना? मग जास्त पळणार!" प्रश्न विचारणारा दरवर्षी नवा असतो, प्रश्न मात्र तोच. मी आयुष्यभर टूलरूममध्ये फिटर होतो, त्यामुळे तोंडी उत्तर द्यायला मला आवडत नाही. हातात गाडी घेतो, काचेवर ठेवतो आणि मोजायला लावतो. यंदा म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढू.

गाडी म्हणजे कुठली, ते आधी सांगतो. आम्ही लहानपणी बेअरिंगची गाडी करून उतारावरून बसून जायचो, तिची ही छोटी बहीण. पाइनच्या लाकडाचा ठोकळा, खिळ्यांवर फिरणारी प्लॅस्टिकची चार चाकं, मोटार नाही, स्प्रिंग नाही, ढकलायचं नाही. नुसतं गुरुत्वाकर्षण. अमेरिकेत हा खेळ १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी कब स्काउटच्या, म्हणजे छोट्या स्काउटच्या, मुलांसाठी डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांनी सुरू केला. तिथे गाडीच्या वजनाची नेहमीची मर्यादा ५ औंस, म्हणजे १४२ ग्रॅमला जेमतेम कमी. आम्हीही तीच धरली, कारण वाण्याकडच्या काट्यावरसुद्धा ती बघता येते.

मार्ग कसा आहे, ते आधी बघा

नाकाची उंची मार्गावाचून ठरवता येत नाही, म्हणून आमच्या गॅलरीतल्या मार्गाची मापं देतो. तुमची वेगळी असतील तर आकडे बदला, रीत तीच राहील.

आठ फुटी प्लायच्या तीन पट्ट्या. पहिलीत उतार आणि बाक (उतार सपाटीला मिळतो ते गोलसर वळण), पुढच्या दोन सपाट. उतार ३० अंशांचा. बाकाला ६ मिलीमीटरचा प्लाय खालून आडवे ठोकळे देऊन वाकवलाय, त्याची त्रिज्या साधारण १.२ मीटर. शेजारी-शेजारी दोन मार्ग, प्रत्येकाच्या मधोमध ६ मिलीमीटर उंचीची पट्टी ठोकलेली. गाडी या पट्टीवर स्वार होते, चाकं दोन्ही बाजूंनी जातात. वरपासून खालपर्यंत उतरण एक मीटरच्या आसपास, म्हणजे सपाटीवर येताना घर्षण सोडून वेग सेकंदाला ४.४ मीटर. जिन्याकडच्या टोकाला उतार आणि शेवटच्या खोलीसमोर जुनी गादी. शर्यत चालू असेपर्यंत पिंपं, चपला आणि वाळत घातलेले पापड आत घ्यायचे. मार्ग बांधण्यापेक्षा पापडांची परवानगी काढायला जास्त वेळ लागतो.

पोरांच्या प्रश्नाचं उत्तर

गाडीला वेग देते ती तिच्या गुरुत्वमध्याची, म्हणजे जिथे ती तोलून राहते त्या बिंदूची, उतरण. नाक किती वर आहे याच्याशी तिचा संबंध नाही. गुरुत्वमध्य सुरुवातीला जमिनीपासून किती उंच आणि शेवटी किती उंच, एवढ्याच फरकातून वेग मिळतो. गाडी ५ मिलीमीटर उंच केलीत, तर ती वरही उंच आणि खालीही उंच. फायदा कुठे आला?

खरं तर किंचित तोटाच आहे. उतारावर गाडी तिरकी उभी असते, त्यामुळे तिथे ते ५ मिलीमीटर सरळ वर मोजले जात नाहीत, ४.३ च भरतात. खाली सपाटीवर मात्र पुरे ५ भरतात. म्हणजे पाऊण मिलीमीटरला थोडी कमी उतरण गमावली. सपाटीच्या शेवटी याचा फरक जेमतेम दीड मिलीमीटर पडतो. दीड मिलीमीटरसाठी कोणी भांडू नये, पण 'वर केली म्हणून जिंकली' असंही कोणी म्हणू नये.

वजन *मागे* सरकवलं की मात्र खरा फायदा होतो. ३० अंशांच्या उतारावर वजन १ सेंटिमीटर मागे नेलं की गुरुत्वमध्य अर्धा सेंटिमीटर वर चढतो, आणि सपाटीवर ही चढाई परत द्यावी लागत नाही. आमच्या मार्गावर हा फरक शेवटी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास येतो. पोरांच्या डोक्यात 'वर' आणि 'मागे' यांची गल्लत होते, ती इथेच.

मग नाकाची उंची बिनकामाची? नाही. तिचा हात चार जागी पोचतो: सुटताना खुंटीवर, बाकात, हवेत, आणि पुढच्या चाकांवरच्या भारात. क्रमाने घेतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही. खुंटी आणि बाक हीच खरी भांडणाची ठिकाणं.

खुंटी: इथे शर्यत चोरता येते

गाड्या वर उभ्या राहतात त्या खुंटीला नाक टेकून. आमची खुंटी म्हणजे ६ एमएमचा बोल्ट, मार्गाच्या पृष्ठभागापासून २५ मिलीमीटर वर आलेला. तो खाली एका दांड्यावर बसवलाय, आणि दांडा फिरतो पृष्ठभागाच्या ३० मिलीमीटर खाली. दांडा फिरला की बोल्ट पुढे आणि खाली पडतो, दोन्ही गाड्या सुटतात.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने नागाच्या फण्यासारखं नाक केलं. पोट नेहमीसारखं खाली, नाक मात्र वर उचललेलं, इतकं की ते बोल्टच्या शेवटच्या तीन मिलीमीटरलाच टेकत होतं. दिसायला झकास. पहिल्या तीन फेऱ्या त्याने सहज मारल्या. चौथ्या फेरीला पोरांनी आरडाओरडा केला तेव्हा मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये चित्रण केलं. त्याची गाडी समोरच्या गाडीच्या आधी निघत होती!

कारण साधं आहे. आमचा दांडा तेव्हा हाताने फिरवला जायचा, आणि हात हळू असतो. खुंटी हळू पडली तर गाडी तिच्या मागे रेटत राहते, सुटत नाही. फण्याचा तळ २२ मिलीमीटर उंचीवर होता, म्हणून खुंटी १९ अंश कलताच तिचं टोक त्याच्या खाली गेलं आणि गाडी मोकळी झाली. नाकाचा तळ १० मिलीमीटरवर असलेल्या गाडीला मोकळं व्हायला ४३ अंश थांबावं लागलं. शिवाय दांड्यापासून जितकं उंच, तितकी खुंटी पुढे भरभर सरकते. म्हणजे फण्याला दुहेरी फायदा.

किती फायदा? गाडी पाच मिलीसेकंद आधी सुटली, तर शेवटच्या रेषेवर ती त्या वेळात जितकं अंतर कापते तितकी पुढे असते: ४.४ मीटर गुणिले पाच सहस्रांश, म्हणजे २.२ सेंटिमीटर. वजन एक सेंटिमीटर मागे नेऊन मिळतं त्याच्या जवळपास दुप्पट, आणि गाडी तसूभरही जलद झालेली नाही.

मुलाला मी रागावलो नाही. नियमात नव्हतंच, चूक आमची. आम्ही दोन बदल केले:

पहिला, खुंटी जलद केली. दांड्याला सायकलच्या ट्यूबची ताणलेली पट्टी बांधली आणि खटका लावला. खटका काढला की खुंटी गाडीपेक्षा वेगाने पळते. ३० अंशांच्या उतारावर गाडीला सेकंदाला सेकंदाला ४.९ मीटरपेक्षा जास्त त्वरण मिळूच शकत नाही. नाक टेकतं त्या ठिकाणी खुंटी याहून जास्त त्वरणाने सरकली, की नाक कुठेही टेको, गाडी त्याच क्षणी मोकळी. तपासायला पुन्हा मोबाइल. सेकंदाला २४० चित्रं घेणारा असेल तर दोन चित्रांत चार मिलीसेकंदांचं अंतर असतं. खुंटी हलल्यावर पुढच्या एक-दोन चित्रांतच नाक आणि खुंटी यांच्यात फट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर ट्यूबची आणखी एक पट्टी बांधा.

दुसरा बदल नियमात. नाकाचा पुढचा चेहरा सपाट, किमान १२ मिलीमीटर रुंद, आणि पृष्ठभागापासून १० ते १८ मिलीमीटरच्या पट्ट्यात खुंटीला टेकणारा हवा. टोकदार नाकाला मी दुसऱ्याच कारणासाठी नाही म्हणतो. ते गोल बोल्टवरून घसरतं, गाडी वाकडी उभी राहते आणि सुटताच पट्टीला घासते. ज्याने केलं त्याचंच नुकसान, पण रडायला येतो माझ्याकडे.

बाक: इथे नाक आपटतं

आता उलट टोक. नाक खाली ठेवायचं तर किती खाली?

सरळ मार्गावर पोट पट्टीच्या वर असलं की झालं. बाकात मात्र जमीन पुढून वर येते. पुढच्या चाकांच्या पुढे जितकं लाकूड बाहेर, तितकं ते जास्त जवळ येतं. किती, ते काढायचं सूत्र वहीच्या कोपऱ्यात मावतं. पुढच्या आसापुढे आलेलं नाक × (ते नाक + दोन आसांमधलं अंतर), आणि भागिले त्रिज्येच्या दुप्पट. सगळं मिलीमीटरमध्ये.

आमची नेहमीची गाडी: आसांमध्ये ११०, पुढे नाक ४०. म्हणजे ४० × १५० = ६०००, भागिले २४००, उत्तर अडीच. बाकात नाकाच्या टोकाखाली अडीच मिलीमीटर कमी होतात. त्यात पट्टीचे ६ मिळवा, झाले साडेआठ. प्लायच्या सांध्यावर अर्धा-पाऊण मिलीमीटरची पायरी असतेच. म्हणून नाकाच्या तळाशी १० मिलीमीटर मोकळीक, त्याहून कमी नाही.

पुढचा आस आणखी पुढे नेला, म्हणजे आसांमध्ये १३० आणि नाक २० केलं, तर उत्तर सव्वा मिलीमीटर येतं. मग नाक मिलीमीटरभर खाली आणता येतं आणि गाडी सरळही धावते. माझी पसंती याच मांडणीला.

हे मी शिकलो ते स्वतःची फजिती करून. एका वर्षी मोठ्यांच्या फेरीत मी आठ मिलीमीटरवर नाक ठेवून गाडी आणली. काचेवर काय सुरेख दिसत होती! बाकात 'टक्' असा आवाज आला आणि तळमजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलीची गाडी, जिच्यावर तिने नुसता जलरंग फासला होता, माझ्या पुढे निघून गेली. पट्टीवर माझ्या रंगाची लाल रेघ अजून आहे. पोरं पाहुण्यांना दाखवतात.

तपासायची सोपी रीत: मधल्या पट्टीवर बाकाच्या जागी खडू घासा. गाडी हाताने, हळू, दाबून न धरता बाकातून न्या. उलटी करा. पोटावर किंवा नाकाखाली पांढरं लागलं असेल तर तिथे घासतंय. ही चाचणी शर्यतीच्या जागी, त्याच मार्गावर करा. घरच्या फरशीवर सगळ्याच गाड्या पास होतात.

हवा

एवढ्याशा गाडीला हवा काय करणार, असं मलाही वाटायचं. हिशोब केला तर साधा चौकोनी ठोकळा आमच्या सपाटीवर हवेमुळे काही सेंटिमीटर मागे पडतो. नाक पातळ करून मागे पाचरीसारखं चढवलं तर त्यातला बराचसा परत मिळतो. पण हा फायदा नाकाच्या *जाडीचा* आहे. नाक ८ मिलीमीटर जाड पुरतं: तळ १० वर, माथा १८ वर, खुंटीचा नियमही त्यातच बसतो.

पुढचा भाग चार मिलीमीटर उचलून गाडी मागे कललेली ठेवली तर पोट हवेसमोर येतं. अर्धा सेंटिमीटर गेला समजा. थोडक्यात, गाडी सपाट किंवा पुढे केसभर झुकलेली असावी.

आता काम: नाकाची उंची बसवायची कशी

उंची रंधा मारून बसत नाही, ती आसाच्या भोकावर ठरते. भोक ठोकळ्यात वर पाडलं की गाडी खाली बसते, खाली पाडलं की वर उठते. यात पोरं हमखास गोंधळतात, म्हणून मी भोक पाडण्याआधी तोंडाने म्हणायला लावतो: 'भोक वर, गाडी खाली.'

चाकाचा व्यास ३० मिलीमीटर असेल तर आसाचा मध्य जमिनीपासून १५ वर. तळाशी १० मोकळीक हवी, म्हणजे भोकाचा मध्य ठोकळ्याच्या तळापासून ५ मिलीमीटर वर. मागेपुढे सारखंच. चाकं बारीक-मोठी निघतात, आधी व्हर्नियरने मोजून जोड्या लावा.

पुढचं भोक चुकून २ मिलीमीटर वर गेलं तर नाक २ नाही, जवळजवळ पावणेतीन मिलीमीटर खाली जातं, कारण गाडी मागच्या आसावर झुकते आणि नाक आसाच्याही पुढे आहे. एवढ्याने खडूची चाचणी नापास होते. म्हणून भोक हाताने धरलेल्या ड्रिलने पाडू नका. ज्याच्याकडे उभं ड्रिल मशिन आहे अशा फॅब्रिकेशनवाल्याला चहा पाजा. खिळ्याहून केसभर लहान बिट घ्या, म्हणजे खिळा घट्ट बसेल. बिटं, खिळे, वायसर सगळं नागदेवी स्ट्रीटवर मिळतं. चाकं क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास खेळण्यांच्या दुकानांत. जुन्या खेळण्याची काढलीत तरी हरकत नाही.

मोजायला जाड काच आणि कॅरमच्या सोंगट्या. हसू नका. सोंगटी ७ ते ९ मिलीमीटर जाड असते. आपली नेमकी किती ते मोजा आणि वर पत्त्यांच्या जोडातली पानं ठेवून १० करा. गाडी काचेवर ठेवून ही चळत नाकाखाली सरकवायची. सहज गेली पाहिजे. एक पान वाढवल्यावर अडकली तर उंची नेमकी. सहा वर्षांच्या मुलालाही हे जमतं, व्हर्नियर जमत नाही.

तीन चाकांचा डाव याच वेळी करायचा. पुढच्या दोनपैकी एका चाकाचं भोक दीड मिलीमीटर वर पाडायचं, म्हणजे ते चाक जमिनीला टेकतच नाही. न फिरणाऱ्या चाकाला फिरवण्यात ताकद जात नाही. माझ्याकडचं चाक अडीच ग्रॅमचं आहे; आमच्या मार्गावर या एका चाकाची बचत हिशोबाने चार सेंटिमीटरच्या वर जाते. म्हणजे नाकाच्या उंचीवरून जितका वाद होतो, त्याहून मोठा घास इथे आहे. ध्यानात ठेवा, वर जातं ते *चाक*. टेकणारं चाक आपल्याच उंचीवर राहिलं पाहिजे, नाहीतर नाक खाली जातं आणि पुन्हा बाकातली 'टक्'.

वजन शेवटी. स्टीलचे नट आणि वायसर मागच्या आसाच्या पुढे खाचा करून फेविकॉलने बसवा. गळाचं शिसं जड आणि स्वस्त मिळतं, पण पोरांच्या हातात शिसं द्यायचं नाही, ते विषारी आहे. ११० मिलीमीटर अंतराच्या गाडीत गुरुत्वमध्य मागच्या आसापुढे २० ते २५ वर ठेवा. मोजपट्टीच्या धारेवर आडवी तोलून बघता येतं. तेव्हा पुढच्या चाकांवर वजनाचा पाचवा हिस्सा येतो. याहून मागे नेलंत तर बाकातून बाहेर पडताना नाक उडतं, गाडी पट्टीवरून डोलत जाते आणि मिळवलेलं सगळं तिथेच सांडते. नाक हलकं झाल्यामुळे डोलणारी गाडी बघून 'नाक खाली करा' म्हणणारे सल्लागार गॅलरीत भरपूर असतात. नाकाला हात लावू नका, एक नट पुढे घ्या.

शेवटी खिळे एमरी पेपरने चकचकीत करून चाकात ग्राफाइटची पूड. तेल नको, धूळ धरतं.

खरंच फरक पडला का, ते बघायची रीत

एका वेळी एकच गोष्ट बदला. नाकाची उंची बदलायला दर वेळी भोकं पाडत बसू नका. चाचणीपुरती एकच गाडी घ्या, तिच्या नाकाखाली पातळ प्लायचे तुकडे दुहेरी टेपने चिकटवा आणि तितकंच वजन काढून १४२ ग्रॅमच ठेवा. प्रत्येक उंचीला पाच धावा, मग मार्ग बदलून आणखी पाच. दोन मार्ग कधीच सारखे नसतात; आमचा डावा मार्ग जलद आहे, हे सगळ्या चाळीला माहीत आहे. शेवटच्या रेषेवर मोबाइल टेकवून ठेवा. २४० चित्रांच्या चित्रणात गाडी दर चित्राला १.८ सेंटिमीटर सरकते, म्हणून त्याहून बारीक फरक एका धावेत दिसणार नाही. पाच धावांची सरासरी घ्या.

वजन शर्यतीच्या दिवशीच करा. मेच्या शेवटी हवा दमट होते, लाकूड पाणी पितं, आणि आदल्या रात्री बरोबर भरलेली गाडी सकाळी मर्यादेपलीकडे जाते. म्हणून मी प्रत्येकाला एक वायसर सुटा ठेवायला सांगतो, पोटाखाली, टेपने लावलेला. काट्यावर जास्त भरलं तर तेवढा काढायचा. फक्त तो नाकाखाली लावू नका. गेल्या वर्षी एकाने लावला होता, आणि बाकात तोच सुटून उडाला तो थेट समोरच्या मावशींच्या लोणच्याच्या बरणीत.